धरणाकाठी गाडी लावाल, पण रात्री भांडी कोण घासणार?

ताई, नमस्कार.

आम्ही गोव्यात डिचोलीला राहतो. घरात मी, यजमान, सातवीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. मे महिन्यात आम्ही चौघं मोठ्या दिरांकडे टेक्सासला गेलो होतो, सासूबाई तेव्हा नणंदेकडे होत्या. दिरांनी भाड्यानं भलीमोठी आरव्ही, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, घेतली आणि सगळ्यांना कॅन्यन लेकच्या काठी नेलं. खोटं कशाला बोलू, मजा आली. पण परत आल्यापासून यजमानांना दुसरं काही सुचत नाही. जुनी तेरा सीटची ट्रॅव्हलर घ्यायची, आत बिछाने, ओटा, संडास, एसी बसवून घ्यायचा आणि दर सुटीत साळावली नाहीतर अंजुण्याच्या धरणाकाठी जाऊन राहायचं. नाताळात पहिली फेरी, असं मुलांना सांगूनही झालंय. पैसे माझ्या एफडीतून काढायचे म्हणतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, रात्री दोनदा तरी उठावं लागतं. टेक्सासलाही सकाळ-संध्याकाळ ओट्याशी मी आणि जाऊबाईच होतो. मी काही बोलले की मुलं म्हणतात, आई सगळ्यालाच नाही म्हणते. गाडी घ्यावी का? तिथं राहणं सुरक्षित आहे का? आणि मी खरंच उगाच मोडता घालतेय का?

एक वाचक, डिचोली

*

नमस्कार ताई,

तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकते. गाडी आत्ता घेऊ नका. धरणाच्या काठावर रात्र काढू नका, पण पाण्याजवळ राहायची हौस जरूर पुरवा. आणि मोडता तुम्ही घालत नाही आहात. एफडी तुमची, आणि ती मोडावी का हे विचारायची वेळही तुमच्यावरच यावी, हे मला जरा खटकलं. पण त्याकडे शेवटी येऊ.

यजमानांची हौस मला खोटी वाटत नाही. हॉटेलच्या खोलीत सुटी म्हणजे दोघं मोबाइलवर, दोघं टीव्हीसमोर आणि आजी बाल्कनीत. गाडीत माणसं एकमेकांच्या अंगावर असतात, पत्ते निघतात, भांडणं होतात, मिटतात. मुलांना हेच आठवत राहतं. तेव्हा त्यांचं ‘आपल्याकडे का नको’ हे बरोबरच आहे. चुकतंय ते एका ठिकाणी. टेक्सासला मजा गाडीमुळे आली असं त्यांना वाटतंय. ती बरीचशी जागेमुळे आली.

कॅन्यन लेक हेही धरणाचंच पाणी. ग्वाडालूप नदीवर अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागानं, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सनं, बांधलेलं. या विभागाकडे चारशेच्या वर जलाशय आहेत आणि त्यांच्या काठचे कितीतरी कॅम्पग्राउंड तो स्वतःच चालवतो. तुम्ही तिथं राहिलात तेव्हा जागेला नंबर होता, आधी केलेलं बुकिंग होतं, गाडीखाली पक्की सपाट जमीन होती, खांबावर तीस किंवा पन्नास अँपिअरचा विजेचा सॉकेट होता आणि बाजूला पाण्याचा नळ होता. विस्तवासाठी लोखंडी कडं ठरलेलं. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, तीस दिवसांत चौदापेक्षा जास्त दिवस मुक्काम नाही, असे नियम होते. आणि बाहेर पडायच्या वाटेवर डम्प स्टेशन होतं. तिथं दिरांनी हातमोजे घालून, जाड पाइप लावून आधी संडासाची टाकी सोडली असेल आणि मग न्हाणीचं पाणी, म्हणजे त्या साबणाच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो. यजमानांनी सूर्यास्ताचे शंभर व्हिडिओ काढले असतील. या कामाचा एकही काढला असेल असं मला वाटत नाही.

आता हेच साळावलीला कल्पून बघा. नंबराची जागा नाही, सॉकेट नाही, नळ नाही, टाकी रिकामी करायला ठिकाण नाही. धरणाचं क्षेत्र जलस्रोत खात्याचं, पलीकडचं रान वन खात्याचं, कुठं कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची, जमीन, कुठं कोणाची काजूची बागायत. कुंपण नाही म्हणून जागा मोकळी असं आपल्याकडे कधीच नसतं, हे डिचोलीकरांना मी काय सांगू. नेत्रावळी, म्हादई, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत, तिथं परवान्याशिवाय मुक्काम करता येत नाही. शिवाय २०१९ मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं, दोन्हीला दंड आहे. बाहेरगावची बस रस्त्याकडेला लावून, सिलिंडर उतरवून, टोप चढवून जेवण रांधणाऱ्यांकडे बघून आपण नाकं मुरडतोच ना? गाडीला गोव्याची नंबरप्लेट असली म्हणून सांगेतल्या माणसाला आपण वेगळे दिसत नाही.

आणि ते पाणी कोणाचं, हेही मुलांना सांगा. सांगे, केपे, सासष्टी, मुरगाव या तालुक्यांत नळाला येतं ते बरंचसं साळावलीचं. मडगावात तुमचं कोणी नातेवाईक असेलच. काठावर बसून साबणानं घासलेली कढई त्यांच्याच पाण्यात जाते.

जमिनीचं थोडं सविस्तर सांगते, कारण नाताळच्या दिवसांत धरणाचा काठ फार फसवा असतो. पावसाळ्यात भरलेलं पाणी नोव्हेंबरनंतर खाली उतरायला लागतं. उघड्या पडलेल्या पट्ट्यावर कोवळं गवत येतं, वरचा थर वाळून कडक होतो, आणि वाटतं की इथं पाण्यापर्यंत गाडी सहज जाईल. गुरं तिथं चरत असतात म्हणून आणखी विश्वास बसतो. पण त्या टणक पापुद्र्याखाली गाळ ओलाच असतो. ट्रॅव्हलरला ओढ मागच्या चाकांची, आणि बिछाने, पाण्याची टाकी, बॅटरी हे सगळं वजनही मागेच. एकदा चाक फिरलं की पापुद्रा फुटतो, गाडी ॲक्सलपर्यंत बसते, आणि मग गावात जाऊन ट्रॅक्टरवाल्याच्या पाया पडावं लागतं. कुठंही कच्च्या जागी गाडी घालायच्या आधी खाली उतरून एक लोखंडी सळई हातानं दाबून बघायची. वीतभर सहज गेली की तिथं गाडी न्यायची नाही. गाडी लावतानाही तोंड बाहेरच्या बाजूला. रात्री कोणाला बरं वाटलं नाही तर अंधारात रिव्हर्स घेत बसायला नको.

मुलांनी त्या पाण्यात पोहायचं नाही. यावर घरात चर्चाच नको. धरणाचा तळ नदीच्या घाटासारखा हळूहळू उतरत नाही. जुनी दरड मध्येच संपते, पाण्याखाली झाडांचे बुंधे असतात, आणि साळावलीत तर अख्खी गावं आहेत. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी त्यातलंच. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की भिंतींचे चौथरे, विहिरी, वाटा वर येतात आणि पूर्वीचे गावकरी मे महिन्यात सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. मुलांना एकदा दिवसाउजेडी तिथं घेऊन जा, म्हणजे पाण्याखाली काय असतं हे वेगळं सांगावं लागणार नाही. चिऱ्यांच्या आणि खनिजाच्या सोडून दिलेल्या खाणींत साचलेलं निळंशार पाणी तर आणखी वाईट. कडा उभ्या, आत पडलेल्याला वर यायला पाय टेकायला जागा नाही. गोव्यात दर वर्षी अशा पाण्यात माणसं जातात. मगरी फक्त कुंभारजुव्याच्या कालव्यातच असतात असंही समजू नका.

अंजुण्याला, म्हणजे सत्तरी तालुक्यात, जायचं असेल तर माकडतापाची आठवण ठेवा. २०१५ पासून तिथं त्याची लागण दिसली आहे, आणि हंगाम साधारण डिसेंबरपासून पाऊस सुरू होईपर्यंतचा, म्हणजे नेमका तुमच्या सहलींचा. तो गोचिडीतून येतो, आणि रोग पसरवणारी ती पिल्लं इतकी बारीक असतात की अंगावर तिळाएवढा ठिपका दिसावा. पाचोळ्यावर चटई टाकून लोळायचं नाही, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे, परतल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करून काखा, कानामागं, गुडघ्यामागं बघायचं, आणि ते कपडे बिछान्यावर टाकायचे नाहीत. मेलेलं माकड दिसलं तर लांब राहून आरोग्य केंद्राला कळवायचं. घरी आल्यावर आठवड्याभरात एकदम जोराचा ताप आणि डोकेदुखी झाली तर डॉक्टरांना आधी सांगायचं की आम्ही रानात राहून आलो.

एवढं वाचून यजमान म्हणतील, बाई घाबरवतेय. म्हणून गाडीत झोपण्याचा एक फायदाही सांगते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि बऱ्याचदा चावलेलं कळतही नाही. तंबूपेक्षा गाडीचा बिछाना त्या बाबतीत कितीतरी बरा. फक्त रात्री खाली उतरताना पायात बूट आणि हातात बॅटरी हवी, चप्पल नको. १०८ चा नंबर सगळ्यांना पाठ असावा, पण आधी बघून ठेवा की तुम्ही राहणार तिथं मोबाइलला रेंज येते का. सत्तरी-सांगेच्या आतल्या भागात ती मध्येच गायब होते.

आता गाडीच्या आत येऊ.

एसीचं गणित यजमानांबरोबर कागदावर मांडा, मुलीलाही बसवा, तिला शाळेत वीज शिकवतच असतील. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण २४०० वॅट-तास. एक टनाचा एसी हजार वॅटच्या आसपास ओढतो. दोन-अडीच तासांत खेळ खलास, आणि रात्र तर आठ तासांची. जुनी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर तिची निम्मीच वीज वापरायची असते, म्हणजे एसी तासाभराचा. उलट बारा व्होल्टचा पंखा वीस-पंचवीस वॅटवर चालतो. तीन पंखे रात्रभर, एक छोटा फ्रिज आणि दिवे, हे सगळं त्याच बॅटरीत आरामात बसतं. म्हणून आपल्याकडे गाडीत राहायचे दिवस म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, खिडक्यांना बारीक जाळी आणि छताला हवा बाहेर फेकणारा पंखा. एप्रिल-मे मध्ये गोव्याच्या दमट हवेत पत्र्याच्या डब्यात पाच माणसं झोपवायची असतील तर विजेचं कनेक्शन लागणारच, आणि ते धरणाकाठी नाही.

मग कोणीतरी सुचवतं की इंजिन चालू ठेवून एसी लावू, नाहीतर जनरेटर ठेवू. हे अजिबात नाही. बंद गाडीत धूर शिरतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. त्याच कारणासाठी खिडक्या लावून आत शेगडी पेटवायची नाही. गॅसचा सिलिंडर लहान, पाच किलोचा घ्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूनं बाहेर उघडणारं भोक हवं. झोपायच्या आधी रेग्युलेटर बंद करणं हे एका माणसाचं रोजचं काम ठरवा. तो माणूस तुम्ही नसावा.

संडासाबद्दल लोक बोलायला लाजतात आणि तिथंच सहली फसतात. आपल्याकडच्या कॅम्पर गाड्यांत बहुतेक वेळा कॅसेटचा संडास असतो. खाली वीसेक लिटरची सुटकेससारखी टाकी, ती बाजूच्या दारातून ओढून काढायची आणि नेऊन ओतायची. पाच माणसांत, त्यात एक रात्री दोनदा उठणारं, ती जेमतेम दीड दिवस पुरते. भरल्यावर तिचं वजन वीस किलोच्या वर. ओतायची कुठं? ओढ्यात नाही, रानात खड्डा करून नाही, फक्त सेप्टिक टाकीच्या संडासात. तेही घरमालकाला विचारून, कारण त्या कॅसेटमध्ये घालायची काही औषधं सेप्टिक टाकीतले जिवाणू मारतात. एन्झाइमवाली घेतली तर तो प्रश्न येत नाही. यजमानांना विचारा, हे काम कोण करणार? ‘बघू तेव्हा’ हे उत्तर मान्य करू नका.

पाण्याचंही तसंच. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो वजन, आणि पाच माणसांनी कितीही जपून वापरलं तरी ती एका दिवसात संपते. रोज कुठल्यातरी नळावर जावं लागणार.

या सगळ्यावर माझा तोडगा साधा आहे. पाण्याकाठी नाही, पाण्याजवळच्या घराच्या आवारात गाडी लावा. सांगे, नेत्रावळी, सत्तरी या भागांत कुळागरं असलेल्या कुटुंबांनी होमस्टे काढलेत. माड-पोफळींची सावली, मिरवेली, मधून वाहणारा पाट, अंगणात नळ, पडवीत विजेचा पॉइंट आणि एक धड संडास. म्हणजे टेक्सासच्या त्या खांबावर जे जे होतं ते सगळं. धरणावर दिवसा जा, पक्षी बघा, साळावलीचा तो गोल सांडवा बघा, बोटॅनिकल गार्डनमध्ये मुलांना सोडा, आणि दिवस मावळायच्या आत अंगणात परत या. बोंडला, मोले, खोतीगाव इथं वन खात्याच्या खोल्याही आहेत. फोनवर घरमालकाला चार गोष्टी स्पष्ट विचारा: गाडी आत येईल एवढं फाटक रुंद आहे का, वाटेत विजेच्या तारा किंवा फणसाच्या फांद्या खाली आल्यात का, रात्री संडास वापरता येईल का, आणि एक खोली वेगळी मिळेल का. पैसे व्यवस्थित द्या. ‘नुसती गाडीच तर लावतोय’ असं म्हणून घासाघीस करू नका, त्यांचं पाणी आणि संडास तुम्ही वापरणार आहात.

ती वेगळी खोली सासूबाईंसाठी. तुमच्या पत्रात त्यांचे गुडघे आहेत, त्यांची बीपीची गोळी आहे, पण त्यांचं मत कुठंच नाही. त्यांना कोणी विचारलंय का? ट्रॅव्हलरची पायरी उंच असते. दिवसातून दहा वेळा चढ-उतर करायची तर बाहेर एक भक्कम स्टूल आणि धरायला दांडा लागतोच. गाडी चालू असताना मागच्या बिछान्यावर आडवं पडून जाता येणार नाही, प्रत्येकाला बेल्टची सीट हवी, आजींनाही आणि मुलांनाही. चोर्ला घाटाच्या वळणांवर आडव्या बाकावर बसलेलं पोर कुठल्या कुठं जाईल. कदाचित सासूबाई म्हणतील, मला खोली बरी, तुम्ही झोपा गाडीत. कदाचित म्हणतील, मी नातवंडांबरोबर गाडीतच झोपणार. कदाचित असंही म्हणतील की मला पुन्हा लेकीकडे सोडा आणि तुम्ही जा. तिन्ही चालेल. पण त्यांच्या तोंडून येऊ दे.

आणि आता ओटा, ज्यासाठी मला वाटतं तुम्ही खरं म्हणजे हे पत्र लिहिलंत. घरातला ओटा सात फुटांचा, गाडीतला अडीच. घरात पाणी सोडायला नळ, गाडीत प्रत्येक थेंबाचा हिशेब. तीच पाच माणसं, तीच तीन जेवणं. म्हणजे सुटी बाकीच्यांची आणि तुमची बदली फक्त अडचणीच्या स्वयंपाकघरात. हे सहज टाळता येतं, पण आपोआप टळत नाही.

सकाळचं आपल्या गावांत सोपं असतं. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा आला की पाव-उंडे घ्यायचे, जवळच्या हॉटेलातून पातळभाजी आणायची, चहा मुलगी करील. दुपारचं जेवण होमस्टेवाल्यांकडे सांगायचं, त्याचे पैसे देऊन. रात्री पेज, घरून डब्यात नेलेली सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर आणि लोणचं. पेज कुकरमध्ये यजमानांनी लावायची. तीन शिट्ट्या मोजायला इंजिनिअर लागत नाही. भांडी रात्री नळावर यजमान आणि मुलगा घासतील, दुसरीतल्या मुलाला हे काम फार आवडतं, निदान पहिले दोन दिवस. पाणी भरणं, कॅसेट ओतणं, गाडी सपाट करायला चाकांखाली फळ्या देणं, गॅस बंद करणं, ही सगळी यजमानांची खाती. दिरांनी टेक्सासला हेच केलं होतं. यजमानांना मोठ्या भावासारखी आरव्ही हवी असेल तर मोठ्या भावाची कामंही घेऊ देत.

शेकोटीचं मात्र विसरा. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात वणवे पेटले ते सगळ्या गोव्यानं पाहिलेत. काजूच्या हंगामात कोणाच्या बागेजवळ विस्तव दिसला तर गावकरी धावून येतील, आणि त्यांचं चुकणार नाही. कंदिलासारखा बॅटरीचा दिवा लावा, पत्ते तेवढ्यावर होतात.

गाडी विकत घ्यायच्या आधी भाड्यानं घ्या. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला मिळणाऱ्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, ड्रायव्हरसकट मिळणाऱ्या गाडीची पिवळी पाटी आणि काळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची कोणाची खासगी गाडी ‘ओळखीत’ भाड्यानं मिळत असेल तर नको म्हणा, अपघात झाला तर इन्शुरन्स हात वर करील. घेतलेली गाडी आधी डिचोलीत आपल्याच अंगणात लावून एक रात्र सगळ्यांनी तिच्यात झोपा. घरातला संडास वापरायचा नाही अशी अट घाला. कोणाला झोप लागते, कोण घोरतं, सासूबाईंना पायरी जमते का, टाकी किती वाजता संपते, सगळं तिथंच कळेल. दुसऱ्या दिवशी मयेच्या तळ्यावर नुसतं दिवसभर जाऊन या. त्यानंतर नाताळात कुळागरात दोन रात्री. मुलांना दिलेला शब्दही मोडत नाही.

एवढं सगळं पार पडून, कॅसेट स्वतःच्या हातानं ओतूनही यजमानांना गाडी हवीच असली, तर मग घेण्याचा विचार करा. तेव्हा लक्षात ठेवायचं ते असं: तेरा सीटच्या गाडीत बिछाने-ओटा बसवणं म्हणजे गाडीत बदल करणं, आणि मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याला वाहतूक खात्याची मंजुरी लागते, तशी नोंद आरसी बुकात यावी लागते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन म्हणून नोंद झाली की प्रवासी बसचं परमिट वगैरे मागे लागत नाही. नोंद न करता कुठल्या गॅरेजमध्ये फर्निचर ठोकून घेतलं तर इन्शुरन्सचा कागद कुचकामी. साडेसात टनांच्या आतली गाडी कारच्याच परवान्यावर चालवता येते, तेवढा एक खर्च वाचेल.

आणि पैशांचं. तोपर्यंत एफडीला हात लावू नका. घरात हे सांगताना ‘मला भीती वाटते’ असं म्हणू नका, त्यावर समजूत काढली जाते. ‘भाड्यानं दोनदा जाऊ, मग ठरवू’ एवढंच म्हणा, मुलांसमोर म्हणा, म्हणजे आई सगळ्याला नाही म्हणते हेही राहणार नाही. पुढं खरंच गाडी आली आणि पैसे तुमच्या एफडीतले गेले, तर आरसीवर नावही तुमचंच घाला.